पत्ते पुसलेली फाइल

ती फाइल मी टाकली होती. हे वाक्य मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ऑफिसात नाही, आणि ज्यांना सर्वांत आधी सांगायला हवं होतं त्या खालच्या मजल्यावरच्या अक्कांना तर नाहीच. उलट त्यांनी मला विचारलं तेव्हा मी त्यांच्याच घरी बसून, त्यांचीच कॉफी पीत, गुन्हेगार शोधून दिला. दुसराच.

माझा धंदा आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. चेन्नईतल्या शोळिंगनल्लूरच्या एका काचेच्या इमारतीत मी नेटवर्क सुरक्षेचं काम करतो. फोनवरून, संगणकावरून जे काही जातं-येतं ते छोट्या छोट्या तुकड्यांत जातं. त्यांना पॅकेट म्हणतात. ही पॅकेट पकडायची, साठवायची, उघडून वाचायची साधनं असतात. त्यातली उत्तम साधनं फुकट मिळतात. ती कशी बनवली आहेत तेही सगळ्यांसमोर उघडं असतं, आणि जगभरचे लोक आपापल्या फावल्या वेळात ती दुरुस्त करत असतात. साधनांबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आमच्या जमातीबद्दल आहे.

आम्ही कोणाचीही वाहतूक पकडतो आणि त्याला संशोधन म्हणतो. शेजाऱ्याच्या खिडकीत डोकावणाऱ्याला गल्लीत जे नाव मिळतं ते आम्हाला कोणी देत नाही, कारण आमच्याकडं आलेख असतात. आमच्या संमेलनांत दर दुसऱ्या स्लाइडवर डोक्यावर टोपडं ओढलेला, तोंड अंधारात असलेला हॅकर असतो. चेन्नईत. बाहेर रिक्षातून उतरेपर्यंत शर्ट पाठीला चिकटलेला असतो, आणि आत टोपडं घातलेल्या माणसाला घाबरायचं असतं. व्यासपीठावर गोपनीयतेवर भाषण चालतं. मागच्या रांगेत कोणीतरी, सभागृहाच्या वायफायवर कोण काय बघतंय ते बघत बसलेला असतो. मी त्या मागच्या रांगेत बसलो आहे. व्यासपीठावरही उभा राहिलो आहे, आणि दोन्हीकडं मला सारखंच हुशार वाटलं आहे.

वेस्ट मांबलममध्ये आम्ही अक्कांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. मी मूळचा सांगलीचा. अक्का तंजावरच्या मराठी घरातल्या, पिढ्यानुपिढ्या इथल्याच. शाळेत हिंदी शिकवायच्या, आता निवृत्त. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली, मूलबाळ नाही. त्यांचा धाकटा भाऊ त्यांना अक्का म्हणतो, म्हणून सगळी गल्लीच अक्का म्हणते. मला त्या तम्बी म्हणतात, तमिळमध्ये धाकट्या भावाला म्हणतात तसं. जागा देताना त्यांनी एकच चौकशी केली होती: "घरात मराठी बोलता ना?"

आम्ही आहे म्हणतो तिथं त्या अहा म्हणतात, आणि वाक्याला तमिळची चाल असते. पहिल्या वर्षी मी वर येऊन त्यांची नक्कल करायचो आणि बायकोला हसवायचो. त्या मात्र माझ्या मराठीला तोंडावरच हसायच्या. "तुमची मराठी बातम्यांसारखी अहा, तम्बी. जेवण झालं म्हणालात तरी वाटतं, आता पुढं हवामान सांगणार."

त्यांचं इंटरनेट सारखं बंद पडायचं. कंपनीचा माणूस यायचा, तारेकडं बघून मान हलवायचा आणि जायचा. शेवटी मीच म्हणालो, आमचं वायफाय वापरा, त्यात काय. पासवर्ड टाकून दिला तेव्हा त्यांनी विचारलं,

"ह्यात मी काय बघते ते तुम्हाला दिसतं का?"

"नाही हो अक्का. आता सगळ्याला कुलूप असतं."

"सगळ्याला?"

"जवळजवळ."

"जवळजवळ म्हणजे मांबलम स्टेशन ते माझं घर, की मांबलम ते तंजावर?"

मी हसलो आणि विषय बदलला. शिकवणाऱ्या बाईला शंका विचारायची सवय असते. तज्ज्ञाला ती उडवून लावायची.

त्या दिवसांत आमच्या राउटरवर पकड चालू होती. स्वस्तातले कॅमेरे, टीव्हीचे डबे आपल्या नकळत कोणाशी बोलतात यावर मला एक भाषण द्यायचं होतं, म्हणून घरातून जाणारं-येणारं सगळं मी साठवत होतो. "टीव्हीवर पाळत ठेवता," बायको म्हणाली, "पण तो बंद करायला काही उठत नाही." या घरात माझ्या संशोधनाची तेवढीच समीक्षा झाली, आणि ती योग्य होती. अक्कांचा फोनही त्याच राउटरवर होता, हे मला ठाऊक होतं. मी ते आडवं येऊ दिलं नाही, एवढंच.

एकदा साठवलेलं चाळताना एका ठिकाणी साधन अडखळलं. कुलूप नसलेल्या एका साइटवर कोणीतरी लांबलचक मजकूर पाठवला होता. त्याचा अर्धा भाग देवनागरीत नीट दिसत होता आणि पुढं नुसते चौकोन. कारण लगेच लक्षात आलं. देवनागरीतली प्रत्येक खूण संगणक तीन बारक्या भागांत लिहितो. मजकूर लांब असला की तो दोन पॅकेटांत विभागून जातो, आणि पॅकेट नेमकं एका अक्षराच्या मध्येच संपलं तर साधनाचा तोल जायचा. इतकी वर्षं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण ते बनवणाऱ्यांची अक्षरं एकेका भागात मावतात. मला जो आनंद झाला तो सांगत नाही. दुसऱ्याची चूक सापडल्यासारखा आनंद आमच्या जमातीला पोरं झाल्यावरही होत नसेल.

मी दुरुस्ती लिहिली. दुरुस्तीसोबत नमुन्याची फाइल जोडायची पद्धत आहे. ज्या वाहतुकीवर साधन अडखळलं तीच वाहतूक द्यायची, म्हणजे पुढं कोणी काही बिघडवलं तर त्या फाइलवर चालवून कळतं. ती फाइल मग साधनाच्या सामानात कायमची राहते आणि जगात कोणालाही उतरवून घेता येते. देण्याआधी ती साफ करायची, असाही नियम आहे. मी साफ केली. आमच्या राउटरचा पत्ता पुसला, अक्कांच्या फोनची ओळख पुसली, साइटचं नाव बदलून दुसरंच घातलं, वेळा सरकवल्या. यंत्रं अशी झाकली की त्यांना बनवणाऱ्यांनीही ओळखू नयेत. मजकूर तसाच ठेवला. बिघाड मजकुरातच होता, तो बदलून कसा चालेल, असं मी स्वतःला सांगितलं, आणि पुढं स्वतःच्या मनात ते इतक्या वेळा म्हटलं की मला ते पाठ झालं.

ते खरं नाही.

आणखी एक पाठ केलेलं वाक्य होतं: मी ती अक्षरं तपासली, वाचली नाहीत. तेही खरं नाही. चौकोन जाऊन अक्षरं आली की नाही हे बघावंच लागतं, आणि मराठी माणसाला मराठी अक्षरं नुसती बघता येत नाहीत. मी वाचलं. तंजावरच्या मराठी लोकांनी आपल्यातल्या आपल्यात चालवलेली लग्नं जुळवायची साइट होती ती, आणि अक्कांनी तिच्यावर स्वतःबद्दल लिहिलं होतं. बोलताना त्या अहा म्हणतात, लिहिताना शाळेतल्या बाईसारखं शुद्ध लिहितात.

शाळेत हिंदी शिकवीत होते, आता घरी असते, असं त्यांनी लिहिलं होतं. वेस्ट मांबलमला राहते, दारात कढीपत्त्याचं झाड आहे. स्वयंपाक मला येतो, त्यासाठी माणूस नको. सेवा करून घ्यायची असेल त्यांनी कृपया दुसरीकडं बघावं. संध्याकाळी कोणीतरी बोलायला हवं, आणि मराठीत. वरच्या मजल्यावर मराठी भाडेकरू आहेत, पण त्यांना वेळ नसतो.

मला पहिल्यांदा हसू आलं. ते लपवत नाही. साठीच्या बाईनं नवरा शोधावा याचं मला हसू आलं, मी ज्याला मागासलेले म्हणतो त्या लोकांसारखंच. मग शेवटच्या ओळीपाशी आलो आणि हसू गेलं. राग आला. वायफाय दिलं, बल्ब बदलून देतो, वर हे.

आणि मग मी ती ओळ काढली. त्या जागी तेवढ्याच लांबीचे क भरले: ककककक, पूर्ण ओळभर. बिघाड वरच्या परिच्छेदात होता, त्याला काही धक्का लागला नाही. म्हणजे मजकूर बदलता येत होता. सगळाच्या सगळा क करून टाकता आला असता, दुरुस्ती तशीच चालली असती. माझ्याबद्दलची ओळ तेवढी मी झाकली. अक्कांच्या ओळी अक्कांच्या होत्या, त्या राहिल्या.

वर माझा हिशोब असा की पॅकेट उघडणाऱ्या लोकांत मराठी वाचणारं आहे कोण. ते साधन सांभाळणाऱ्या गृहस्थांचं उत्तर आलं: सुंदर नमुना, खऱ्या वाहतुकीतला दिसतो, असे नमुने दुर्मीळ. त्यांना तो सुंदर वाटला तो चौकोनांसाठी. पुढच्या आवृत्तीच्या टिपणात माझं नाव आलं, ऑफिसनं सगळ्यांना मेल पाठवून अभिनंदन केलं, आणि ज्यांनी ते साधन कधी उघडलं नव्हतं त्यांनी शाबासकीचे अंगठे दाखवले.

मराठी वाचणारी निघाली. अक्कांचा भाऊ एग्मोरला राहतो. त्याची मुलगी कॉलेजात सायबर सुरक्षा शिकते आणि दर शनिवारी अक्कांकडं जेवायला येते. तिला देवनागरी अक्कांनीच शिकवली, लहानपणी, आमटीभात भरवता भरवता. तिच्या प्राध्यापकानं प्रात्यक्षिकासाठी साधनाच्या सामानातली एक तयार फाइल उचलली. न वाचता, अर्थात. आपण काय वाटतोय हे न बघता वाटणारा मी एकटा नाही, एवढंच त्यातलं समाधान. वापरणाऱ्यानं काय पाठवलं ते शोधा, असा प्रश्न होता. वर्गात बाकीच्यांना अक्षरं दिसली. तिला वाचता आली. तिनं मोठ्यानं तमिळमध्ये अर्थ सांगायला घेतला, वर्ग हसला, तीही हसली, आणि कढीपत्त्याच्या झाडापाशी थांबली.

रविवारी सकाळी भाऊ आला. छापलेला कागद घेऊनच आला. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी अक्कांच्या अंगणावर उघडते, त्यामुळं काही पकडायची गरज नव्हती.

"अक्का, हे तू लिहिलंस?"

"अक्षर माझं नाही, छापलेलं अहा. मजकूर माझा."

"पडद्यावर लावलं होतं वर्गात. माझ्या मुलीनं सगळ्यांना अर्थ सांगितला, आणि मग तिला कळलं की कोण ते."

"अर्थ नीट सांगितला असेल. भाषांतर तिला मीच शिकवलं."

"थट्टा करू नको. या वयात स्वयंवर मांडलंस?"

"स्वयंवर नाही रे. एकच माणूस अहा. रेल्वेतून निवृत्त झालेले. एग्मोरला."

मग भाऊ म्हणाला, "माझ्या घराजवळ?"

"तुझ्या घराजवळ स्टेशनही अहा. ते हलवायचं का?"

बायकोला हसू आवरेना. मी खिडकी लावून घेतली. त्यानंतरचं अक्कांनीच सांगितलं: हे थांबेपर्यंत मुलगी शनिवारी येणार नाही, असं सांगून भाऊ गेला.

त्याच दिवशी दुपारी त्यांनी मला खाली बोलावलं. मी लॅपटॉप घेऊन गेलो, डॉक्टर पेटी घेऊन जातो तसा. कॉफी तयार होती. अक्का म्हणाल्या, "तम्बी, आधी माफी मागते. तुमच्या लाइनीवर मी असलं काही केलं. तुम्हाला त्रास नको व्हायला."

मी म्हणालो, "छे, त्यात काय."

पुढं त्यांनी न विचारता सांगितलं. त्या गृहस्थांनी साइटवर उत्तर पाठवलं होतं. मग दोघं एग्मोर स्टेशनात भेटत. फलाटाचं तिकीट काढून बाकावर बसत, कुठलीही गाडी पकडायची नसताना. कोणती गाडी का उशिरा आली असेल ते गृहस्थ मराठीतून समजावून सांगत. "रटाळ बोलतात," अक्का म्हणाल्या. "पण जुनं बोलतात, माझ्या आजोबांसारखं. मला ऐकायला बरं वाटतं." मग कागद माझ्यापुढं ठेवला. "हे बाहेर कसं गेलं, तुम्ही त्यातले, पाहून सांगा."

मी लॅपटॉप उघडला. स्क्रीनवर काहीतरी सरकेल अशा दोन-तीन आज्ञा दिल्या. तेवढ्यानं लोकांचा विश्वास बसतो, माझा पगार त्यावरच चालतो. मग त्या साइटचा पत्ता दाखवला. "हे बघा, कुलूप नाही. असल्या साइटवर जायचंच कशाला, अक्का? फुकट चालवलेल्या साइटी या. कोणीही घुसतं, उचलून नेतं. तुम्ही शिकलेल्या, एवढं बघायला नको?" मी त्यांना रागावलो. तो राग खरा होता, फक्त पत्ता चुकीचा होता.

त्यांनी चष्मा लावला आणि कागदावर बोट ठेवलं. "इथं माझं एक वाक्य होतं. ते नाही. नुसते ककक."

"बिघडलं असेल काहीतरी जाताना."

"बाकी सगळं नीट. एकच वाक्य बिघडलं?"

"होतं असं." मग मला विचारावंच लागलं. "कोणतं वाक्य होतं?"

अक्का माझ्याकडं बघत राहिल्या. या बाईला आपण शिकवलेल्या पहिल्या वर्गातल्या मुलांची हजेरी अजून क्रमानं म्हणता येते.

"आठवत नाही," त्या म्हणाल्या. "कॉफी घ्या, गार होते."

मी घेतली.

ती साइट तंजावरचे एक वयस्कर गृहस्थ चालवत असत, स्वतःच्या हौसेनं, समाजातली लग्नं जुळावीत म्हणून. अक्कांनी माझ्या सांगण्यावरून त्यांना फोन केला. त्यांना कुलूप म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं, त्यामुळं आपली चूक आहे हे त्यांनी लगेच मानलं. फोनवर रडले, म्हणाल्या अक्का. साइट त्यांनी बंद केली. रेल्वेवाल्यांना अक्कांनी कळवलं की आता येऊ नका. शनिवार परत सुरू झाले.

मी फाइल काढून टाकायचा प्रयत्न केला, हेही नोंदवतो, त्याला काही किंमत नसली तरी. सांभाळणाऱ्यांना लिहिलं. कारण विचारलं तेव्हा हक्कांची काहीतरी अडचण आहे, असं लिहिलं. तिथंही खोटंच. त्यांनी सभ्यपणे नवा नमुना घेतला, जुना काढला, आणि कळवलं की जुन्या आवृत्त्यांत आणि लोकांनी उतरवून घेतलेल्या प्रतींत तो राहणारच, त्याला इलाज नाही. नवा नमुना मी हातानं बनवला होता. एका संध्याकाळचं काम. तेच मी पहिल्यांदा केलं नव्हतं, कारण आवृत्ती निघायच्या आत नाव लागायला हवं होतं.

त्यानंतर मला भाषणाचं बोलावणं आलं. विषय: संशोधनासाठीच्या वाहतुकीत माणसांची गोपनीयता कशी जपावी. मी गेलो. नमुने कसे साफ करावेत यावर बोललो, आणि चांगलं बोललो. मजकूरही झाका, नुसते पत्ते नकोत, असं सांगताना लोकांनी माना डोलावल्या. मागच्या रांगेत एकजण खाली मान घालून स्क्रीनकडं बघत होता. मला त्याचा तिटकारा आला, आणि मी पुढची स्लाइड लावली. टोपडंवाला होताच.

अक्कांनी आमचं वायफाय फोनमधून काढून टाकलं. त्यांचं जुनं कनेक्शन पूर्वीसारखंच बंद पडतं, माणूस येतो, तारेकडं बघून मान हलवतो. संध्याकाळी मी हल्ली मुद्दाम खाली डोकावतो. अक्का अंगणात बसलेल्या असतात. खुर्ची पुढं करतात, थोडं बोलतात, आणि मी बूड टेकतो न टेकतो तोच म्हणतात, "जा तम्बी, तुम्हाला काम असेल." काढलेलं वाक्य त्यांना आठवतं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार करत होतो. आता करत नाही. विचार करत राहणं हाही न सांगायचाच एक प्रकार आहे, आणि त्यात मी तरबेज आहे.

दिवाळी अंक मी त्यांना दर वर्षी नेऊन देतो. त्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात, जाहिरातींसकट. हे कुठं छापून आलं तर त्या वाचतीलच, आणि मग मी पुन्हा एकदा समोर न येता कागदाआड राहिलेला असेन. म्हणून त्याच्या आत मला खाली जायला हवं.

अक्कांसमोर बसून एवढं सांगायचं मी देणं लागतो: फाइल मी टाकली, तुमचं मी वाचलं होतं, आणि ते वाक्य मी काढलं. तेच त्यांच्या भावासमोर. तेच तंजावरच्या त्या गृहस्थांना, फोनवर का होईना. आणि रेल्वेवाल्यांना, अक्का पत्ता देतील तर. यातलं मी अजून काहीही केलेलं नाही.